निळ्या ओढणीची बाई

नागपूर अजून तासभर लांब होतं, पण अक्का पर्स खांद्याला लावून डब्याच्या दाराशी येऊन उभी राहिली होती. मी तिचं कोपर धरून उभी होते आणि मनातल्या मनात एक खोटं घोकत होते.

खोटं गाईडचं होतं. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. सांगलीच्या शाळेत तिनं आयुष्यभर चित्रकला शिकवली. तिला काचबिंदू आहे. कडेचं दिसणं गेलंय, मधलं तेवढं उरलंय. नळीतून बघितल्यासारखं दिसतं, असं ती सांगते. ते मधलं किती दिवस टिकेल, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. त्या संध्याकाळी घरी येऊन तिनं चहा टाकला आणि म्हणाली, "कुंदे, चितारओळ बघायची राहिलीय." चितारओळ म्हणजे नागपूरच्या महाल भागातली मूर्तिकारांची गल्ली.

मी एसटीच्या ऑफिसात हजेरीपट लिहिणारी बाई. चित्रातलं मला ओ की ठो कळत नाही. तिनं काही विचारलं तर मी काय सांगणार? म्हणून म्हटलं, खासगी गाईड घेऊ, कलेतलं शिकलेलं कुणीतरी. तर अक्का भडकलीच.

"दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघायचं पुढे आहेच की! आत्ता माझं मला बघू दे."

मी "बरं बाई" म्हटलं आणि गुपचूप गाईड ठरवली. हो, ठरवली! फोनवर मुलगी गोड बोलत होती. तिला सांगितलं, ओळख दाखवायची नाही, वाटेत सहज भेटल्यासारखं करायचं. ती हसली आणि कबूल झाली. गल्लीच्या तोंडाशी सकाळी आठला निळी ओढणी घालून उभी राहते म्हणाली. "उशीर मात्र करू नका, त्या दिवशी महालात पाय ठेवायला जागा नसते." का नसते, हे विचारायचं मला सुचलं नाही. एवढा मोठा कट मी जन्मात पहिल्यांदाच केला होता, त्यामुळे बाकी काही सुचतच नव्हतं.

सकाळी हॉटेलातून निघालो आणि आधी तर्री पोहे खाल्ले. पोह्यांवर हरभऱ्याचा झणझणीत रस्सा ओततात, ती तर्री. गाडीवाल्यानं विचारलं, "काकू, तर्री कमी टाकू का?"

"कमी कशाला? आम्ही सांगलीचे," अक्का म्हणाली.

दुसऱ्या घासाला माझ्या कानातून वाफा निघाल्या. अक्काला उचकी लागली, पण मान खाली घालून तिनं बशी संपवली. सांगलीची अब्रू होती ना!

"मारबत पाहाले आल्या काय?" गाडीवाल्यानं विचारलं.

"हो तर!" आम्ही दोघी एका सुरात म्हणालो. मारबत म्हणजे काय, हे दोघींनाही माहीत नव्हतं.

रस्त्यात ही गर्दी! ढोल काय, पिपाण्या काय, बापाच्या खांद्यावर बसलेली पोरं काय. गल्लीच्या तोंडाशी निळी ओढणी दिसली आणि माझा जीव भांड्यात पडला. चाळिशीची बाई होती. फोनवर आवाज कोवळा वाटला होता, पण असेल म्हटलं. मी तिला खूण म्हणून डोळा मारला. ती माझ्याकडे बघतच राहिली. मी आणखी जोरात मारला.

"काहो ताई," मी नाटकी आवाजात विचारलं, "चितारओळ कुठं आली?"

"हे काय, इथंच. माह्यं माहेरच हाय तिथं. चला न, सोडून देते."

वा! काय अभिनय, मी मनात म्हटलं. नाव रंजना सांगितलं, सासर नागपुरातच, जरीपटक्याला. तिनं अक्काचा दुसरा हात धरला आणि आम्ही तिघी निघालो.

गल्लीत दोन्हीकडे गणपतीच गणपती, निम्मे रंगवलेले, निम्मे मातीचे. रंजनाचा भाऊ एका मूर्तीचे कान रंगवत होता. गाईड आता माहिती देईल म्हणून मी वाट बघत होते, तर ही अक्कालाच विचारते, "तुम्हाले काय दिसून राहिलं, ते सांगा न काकू."

आणि अक्का सुरू झाली! मान हळूहळू फिरवत, एकेक तुकडा जोडत. हा कान त्या कानापेक्षा जिवंत का वाटतो, इथं बोट कसं दाबलंय, ही सावली रंगाची नाही, मातीचीच आहे. भावानं ब्रश खाली ठेवला. शेजारचे दोघे येऊन उभे राहिले. अक्काला किती वर्षांनी वर्ग मिळाला होता!

तेवढ्यात बाहेर आरडाओरडा झाला. "आली, पिवळी आली!" म्हणत रंजनानं आम्हाला हाताला धरून मोठ्या रस्त्यावर ओढत नेलं. बांबूकागदाची, घरापेक्षा उंच बाई गाड्यावरून डुलत येत होती. ही पिवळी मारबत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिची मिरवणूक काढतात, आणि गावाची सगळी पीडा तिच्याबरोबर पाठवून शेवटी तिला जाळून टाकतात. अक्काच्या नळीत ती मावेना. पायापासून डोक्यापर्यंत ती मान वर वर नेत होती.

"कुंदे, पिवळा कसला आहे गं?"

"पिवळा म्हणजे पिवळा!"

"वरणावाणी," रंजना म्हणाली. "कालच्या वरणावाणी."

अक्का खूश होऊन टाळ्या पिटायला लागली.

लोक ओरडत होते, "रोगराई घेऊन जा गे मारबत! महागाई घेऊन जा गे मारबत!" रंजना अक्काच्या कानाशी ओरडली, "तुमचं काय असन ते सांगून टाका तिले!"

माझी अक्का, जिनं उभ्या जन्मात रस्त्यावर आवाज चढवला नाही, तिनं पदर खोचला आणि बेंबीच्या देठापासून ओरडली, "काचबिंदू घेऊन जा गे मारबत!"

आजूबाजूच्या पन्नास पोरांनी ते लगेच उचललं. "काचबिंदू घेऊन जा गे मारबत!" एकानं दुसऱ्याला विचारलं, "हा काचबिंदू कोन होय गा? नवीन लीडर हाय काय?" मी हसता हसता रडायला लागले. अक्काही रडत होती आणि नाचत होती.

गर्दी ओसरल्यावर पर्समधला फोन काढला. अकरा मिस्ड कॉल! लावला तर पलीकडून तोच कोवळा आवाज रडवेला झालेला. "काकू, मी आठपासून गल्लीच्या दुसऱ्या टोकाला उभी आहे."

मी रंजनाकडे बघितलं. "मग तुम्ही कोण?"

"मी कोन म्हंजे? रंजना!"

"मी डोळा मारला आणि तुम्ही लगेच बरोबर आलात..."

"बाप्पा! तो डोळा मारला होता काय? मले वाटलं तुमचाही डोळा गेलेला हाय. एकीले दिसत नाही, दुसरीचा डोळा फडफडून राहिला. अशा दोघींले गर्दीत कसं सोडाव?"

अक्का खाली पायरीवर बसून पोट धरून हसली. कटाचा वास तिला गाडीतच लागला होता म्हणे. गाईड पोरीला बोलावून घेऊन मी तिची दहादा माफी मागितली, आणि रंजनाच्या माहेरी पाच जणींनी मिळून सांबारवडी खाल्ली (इकडे सांबार म्हणजे कोथिंबीर). पाचवी रंजनाची वहिनी.

परतीच्या गाडीत अक्कानं एकदम विचारलं, "पिवळीच्या गळ्यात काय होतं?"

मला आठवेना. हात कसे होते? साडीचा काठ? काहीच नाही. दिवसभर मी फक्त अक्काचं तोंड बघत होते. तिला दिसतंय ना, तिला आवडतंय ना, एवढंच.

"गाईड म्हणून तू नापास," अक्का म्हणाली. मग माझा हात हातात घेतला. "शिक गं कुंदे. मला दुसरं कुणी नको."

मारबतीनं काचबिंदू नेला नाही. डॉक्टरांनी तपासलं, थोडा वाढलाच आहे. आता संध्याकाळी आम्ही कृष्णेच्या घाटावर बसतो आणि मी बघून सांगते. काल सांगितलं, "पाणी हिरवं आहे."

"कसला हिरवा?"

मी नदीकडे नीट बघितलं. खूप वेळ बघितलं.

"मेथीची भाजी धुतल्यावर पातेल्यात पाणी उरतं ना, तसला."

अक्कानं डोळे मिटले आणि मान हलवली. "दिसलं," म्हणाली.