रिकामे हात

देवपूरच्या आमच्या गच्चीवर नवरा कपाशीच्या काड्या पेटवून वांगी भाजतोय. "आज तू नुसती बस," असं त्यानं बजावलंय. तो धूर नाकात गेला आणि मला चोपड्याच्या वरचं सागाचं जंगल आठवलं.

मी तेव्हा चौथीत असेन. सगळं घर भरीत करायला जंगलात निघालं होतं. पायवाट सपाट, लहान पोरांनाही झेपेल अशी, आणि सावली इतकी दाट की पायाखालचा पाचोळासुद्धा गार लागत होता. भरिताचं काम आमच्याकडे पुरुषांचं. आबा, म्हणजे माझे वडील, आणि काका ओढ्याकाठी चुलीशी बसले, तशी आई रिकामी झाली.

ती बसली, उठली, पुन्हा बसली. आमच्या चपला ओळीनं लावल्या. सारखा पदर नीट करत राहिली. मग झाडांत दिसेनाशी झाली, ती डोक्यावर सरपणाचा भला मोठा भारा घेऊनच परतली.

आबा वैतागले. "बठ ना घडीभर. काय काम शे आठे?"

"तेच ना," भारा न उतरवताच आई म्हणाली. "काहीच काम नही शे."

सगळे हसले. मीही पोट धरून हसले. ती मात्र हसली नव्हती, हे आज आठवतंय.

"अगं, कुठे गेलीस?" गच्चीवरून नवऱ्याची हाक येते. मी खाली स्वयंपाकघरात कधी आले, मलाच कळलं नाही. हातात फडकं आहे, आणि ओटा तर केव्हाचा कोरडा आहे.