मंतरलेले मीठ आणि माझे पथ्य

"मॅडम, तुमच्या पोटात मीठ जातंय. आणि थोडंथोडकं नाही," असे म्हणून डॉक्टरांनी रिपोर्ट माझ्यापुढे सरकवला.

मला क्रॉनिक किडनी डिसीज आहे. या आजारात मूत्रपिंडांची रक्त गाळण्याची शक्ती हळूहळू कमी होत जाते. अशा वेळी मीठ खाल्ले, तर अंगात पाणी साठते आणि रक्तदाब चढतो. त्यामुळे दोन महिने मी अळणी जेवत होते. आयुष्य गणित शिकवण्यात गेल्यामुळे रोजचे वजन आणि रक्तदाब वहीत नोंदवत होते. तरीही पायांवरची सूज वाढतच होती.

म्हणून डॉक्टरांनी ट्वेंटी-फोर अवर युरिन सोडियम ही तपासणी सांगितली. हिच्यात चोवीस तासांची लघवी कॅनमध्ये साठवतात. तिच्यातील सोडियमवरून पोटात गेलेल्या मिठाचा अंदाज येतो.

"असंच चाललं, तर डायलिसिस लांब नाही," डॉक्टर म्हणाले.

मी वही पुढे केली. त्यांनी ती उघडलीसुद्धा नाही. विद्यार्थ्याने उत्तर चोरल्याचा संशय आला की मी त्याच्याकडे जशी पाहत असे, तसे ते माझ्याकडे पाहत होते.

बाहेर बाकावर माझी थोरली बहीण, अक्का, बसली होती. माझ्या स्वयंपाकासाठी ती सायखेड्याहून नाशिक रोडला येऊन राहिली होती. मी तिला रिपोर्ट सांगितला. मग तिने पदराची गाठ सोडली. आत खडेमीठ होते.

"गावच्या जाणत्याकडून आणलंय. तुला लय नजर लागलीय. चिमूटभर आमटीत, चिमूटभर ताकात, असं सांगितलं त्यांनी."

"अक्का, मला मीठ वर्ज्य आहे!"

"अगं, हे मीठ नाय. मंतरलेलं हाय. हे बाधत नाय."

शेजारून जाणारी सिस्टर थांबली. "मावशी, किडनीला मंत्र ऐकू येत नाहीत हो!"

अक्का हसली नाही. मीही नाही. मला आठवत होती ती मागच्या महिन्यातली आमटी. "अळणीतसुद्धा तुझ्या हाताला चव आहे," असे मी तिला म्हणाले होते. ती नुसती हसली होती. माझ्याच ताटात माझी फसवणूक झाली होती, आणि मी तिची वाहवा केली होती.

मीठ थांबल्यावर पंधरा दिवसांत सूज उतरली. डायलिसिस तूर्त टळले. माझ्या ताटातले चोरटे मीठ उघडकीला आणणाऱ्या त्या तपासणीची मी ऋणी आहे. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे, त्यांना एकच सांगते: पथ्य चुलीपाशी उभ्या राहणाऱ्या माणसालाही डॉक्टरांच्या तोंडून ऐकवा. घरातल्या प्रत्येक मिठाविषयी विचारा, देवघरातल्यासुद्धा.

अक्काला मी परत पाठवले नाही. आमटी मात्र आता मी करते. शनिवारी संध्याकाळी ती माझी दृष्ट काढते. मीठ-मोहरी माझ्यावरून उतरवून तापल्या तव्यावर टाकते. मोहरी तडतडली की न सांगता मूठ उघडून मला दाखवते.

मूठ रिकामी असते. मी ती दर वेळी नीट पाहते.