न ठोकलेली गाडी

"कुठं ठोकली?"

समोरच्याचा चेहरा बघण्याआधी मिस्त्री हे विचारायचे. गाडी घेऊन आलेल्याला विचारायचे, चहा घेऊन आलेल्यालाही विचारायचे. मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला गेलो, तेव्हा मलाही विचारलं. मी म्हटलं, "मिस्त्री, लग्न आहे." ते म्हणाले, "आसू द्या, बसा."

मंचरला हायवेवर माझं स्पेअर पार्टचं दुकान, आणि शेजारी त्यांचं डेंटिंगचं शेड. हा रस्ता तुम्हाला माहीत असेल. कांद्याचे ट्रक, बटाट्याचे टेम्पो, आणि प्रत्येकाला पुढच्याच्या पुढे जायचं. मिस्त्रींना कामाची ददात नव्हती. पत्रा सरळ झाला की ते डोळे मिटून त्यावरून तळहात फिरवायचे. डोळ्यांना न दिसणारा पोचा त्यांच्या हाताला सापडायचा. मग पुन्हा हातोडी. गिऱ्हाईक बाहेर कितीही चुळबुळ करो.

दोन हजार आठ-नऊच्या सुमाराला माझा मेहुणा अमेरिकेहून आला. मी पार्ट विकतो म्हणून त्याने मला पार्टच आणले. खोक्यावर नारिंगी रंगाची, पुढून रेड्यासारखी दिसणारी अमेरिकन गाडी, आणि आत तिचे शंभरेक प्लास्टिकचे तुकडे. जोडायची आपण, आणि झाल्यावर ती वीतभर होणार. मी जन्मभर पार्ट विकले, बसवला एकही नाही. खोकं घेऊन शेजारी गेलो.

"कुठं ठोकली?"

"ठोकलेली नाही. नवी आहे. सुटी आहे, एवढंच."

मिस्त्रींनी हातोडी खाली ठेवली. खोक्याकडे बघत म्हणाले, "शेट, तीस वर्सं झाली. नवी गाडी कदी हातात आली न्हाई. आली ती मोडूनच आली. एक तरी ठोकायच्या आदीची करायची व्हती. ही मी लावतो. पर घाई न्हाई करायची."

एरवी मी हसलो असतो. त्या दिवशी हसू आलं नाही.

रोज जेवण झालं की ते साबणाने हात धुऊन तासभर बसायचे. पत्र्याला सरावलेली ती जाड बोटं. बाजूचा आरसा बसवायलाच चार दिवस गेले. ते श्वास रोखून धरायचे, म्हणून मीही धरायचो. टपावर हात फिरवताना त्यांना साच्याची रेघ लागली. "कंपनीनं हयगय केली," म्हणाले, आणि वॉटर पेपरने ती घासून काढली.

मग स्टेअरिंग डावीकडे निघालं. अमेरिकेत तसंच असतं, हे मी त्यांना समजावून सांगितलं.

"गाडी मंचरात हाय," मिस्त्री म्हणाले. "पासिंग व्हनार न्हाई." करवतीच्या पात्याने डॅशबोर्ड कापून त्यांनी स्टेअरिंग उजवीकडे आणलं. मेहुण्याला मी हे अजून सांगितलेलं नाही.

प्लास्टिक मुळातच नारिंगी होतं, तरी वरून रंग दिला तर झळकेल, असं मी सुचवून बघितलं. एवढ्या वर्षांत मिस्त्री माझ्यावर तेव्हा पहिल्यांदा चिडले. "रंग मारला म्हंजी ठोकली! जुन्या गाड्यांच्या बाजारात कुनालाबी इचारा."

झाल्यावर मी गमतीने लिंबू-मिरची बांधू का विचारलं. "आमच्यात न्हाई चालत," ते म्हणाले, "आन प्लास्टिकला कोन नजर लावतंय?"

गाडी त्यांनी माझ्या दुकानातल्या काचेच्या कपाटात ठेवली. शेडमध्ये हातोड्या असतात, हे त्यांचं कारण. रोज सकाळी मी शटर उघडलं की ते यायचे, डोळे मिटून गाडीवरून तळहात फिरवायचे, "हाय तशी हाय" म्हणायचे आणि कामाला जायचे.

तिसऱ्या हिवाळ्यात छातीचं दुखणं निघालं आणि पंधरा दिवसांत मिस्त्री गेले. शटर उघडल्यावर त्यांना वाट द्यायला मी बाजूला सरकून उभा राहायचो. ती सवय काही केल्या जाईना. फार चुकल्या-चुकल्यासारखं व्हायचं.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर एक दिवस मी गाडी मांडीवर घेऊन एसटीने निरगुडसरला त्यांच्या घरी गेलो. वहिनींनी ती दोन्ही हातांत घेतली, डोळे मिटले आणि तळहात फिरवला. टपावरून, बॉनेटवरून, दोन्ही दरवाज्यांवरून. संसारभर बघितलेलं हाताला आपोआप येत असावं.

"कायबी लागंना हाताला," त्या म्हणाल्या. "लई चांगली काढलीया. कुठं ठोकली व्हती वो?"

"ठोकलेली नाही, वहिनी. मिस्त्रींनी नवी केलीय."

"नवी? तेंनी?"

"सगळी."

भिंतीवर बुद्धांची तसबीर होती. तिच्या खालच्या फळीवर शेडमधून आणलेली मिस्त्रींची हातोडी ठेवलेली होती. वहिनींनी गाडी तिथे ठेवली, आणि हातोडी उचलून आतल्या खोलीत नेली.