गैबीचाचांचे जड पंप

शिरोलीतल्या आमच्या लोखंड ओतायच्या फौंड्रीत गैबी मुल्लाणी वाळूचे साचे भरायचे आणि मी स्टोअर सांभाळायचो. सगळे त्यांना चाचा म्हणत. चाचांच्या हातचा पाण्याचा पंप आज्यानं घ्यावा आणि नातवानं वापरावा, असं शेतकरी बोलत. चाचा ऐकून न ऐकल्यासारखं करत. खोटं कशाला बोला, ऐकायला त्यांना फार आवडायचं.

चौऱ्याहत्तर साली आखाती देशांनी तेलाचे भाव चढवलेले होते. इथं डिझेल महागलं आणि इंजिन-पंपांना गिऱ्हाईक उरलं नाही. भट्टी आठवड्यातून एकदाच पेटू लागली, निम्मी माणसं घरी बसली. आणि गंमत बघा, ज्या तेलानं आम्हाला बुडवलं त्याच तेलानं कुवेतकडं पैसा आला, आणि तिथल्या एका व्यापाऱ्याला पाचशे पंप हवे झाले. मालक हंबीररावांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, नमुना पास झाला तर फौंड्री चालेल, नाहीतर कुलूप.

नमुन्याच्या चारही पंपांचे साचे चाचांनी स्वतः भरले. पंधरा दिवसांत ते मुंबईच्या दलालाकडून परत आले. प्रत्येक पंप ठरल्यापेक्षा दीड किलो जड होता. जहाजाचं भाडं वजनावर, आणि तेलापायी तेही भडकलेलं. तिकडच्या माणसाला फुकटचं लोखंडही नको होतं. एकदा पुन्हा पाठवा, एवढी मेहरबानी दलालानं केली.

पंप आतून पोकळ राहावा म्हणून साच्यात वाळूचा गाभा ठेवतात, त्याला कोर म्हणायचं. कोर लहान झाला की पंपाची भिंत जाड होते. कोर करायची अंजना कांबळे. नवऱ्यामागं दोन पोरी ती याच पगारावर वाढवत होती. हंबीररावांनी सरळ तिच्यावर ठपका ठेवला आणि उद्यापासून येऊ नकोस म्हणाले. ती रडली नाही, डबा उचलून उभी राहिली. मला मालकांचा राग आला, पण मी स्टोअरच्या वहीत डोकं खुपसलं. नोकरी मलाही हवी होती.

चाचा हात झटकत उठले.

"मालक, तिचं कोर बरोबर हुतं. मीच कानशीनं घासत हुतो."

"कवापास्नं?"

"पयल्यापास्नं."

वीस वर्षं हा माणूस भिंत जरा जाड व्हावी म्हणून प्रत्येक कोर गुपचूप घासत आला होता. शेतकऱ्याला पंप एकदाच घेणं परवडतं, एवढंच त्यांचं म्हणणं. हंबीरराव लालबुंद झाले. माझं लोखंड गावभर वाटलंत की, म्हणाले. मग खुर्चीत बसून राहिले. फौंड्रीचं नाव कशावर झालं, हे त्यांनाही कळत होतं.

अंजना राहिली. चाचांना साच्यावरून काढून भंगार फोडायला लावलं. नवे नमुने दुसऱ्यानं भरले आणि ते पास झाले. भट्टी रोज पेटू लागली, घरी बसलेली माणसं परत आली.

परत आलेले चार पंप वितळवायचे, म्हणजे आधी फोडायला हवे. चाचांनी घण उचलला. पाच-सहा घाव घातले तरी पहिल्याच पंपाला तडा जाईना. शेजारी अंजना वाळू चाळत होती. राहू द्या चाचा, दुसऱ्या कुणाला तरी सांगू, असं ती म्हणाली.

चाचांनी घण टेकवला, पंपावरची धूळ हातानं पुसली.

"पंप चांगलाच झालाता, पोरी. गिऱ्हाईक दुसरं हुतं," म्हणाले, आणि पुन्हा घण उचलला.