पावसात वाहून गेलेला होम रन

"दाब ना! मृणाल, दाब! कशाची वाट बघतेयस?"

प्रसाद माझ्या खुर्चीमागे उभा राहून ओरडत होता. मोठ्या स्क्रीनवर चेंडू कुंपणापलीकडे जाऊन पडला होता. स्टेडियममधली माणसं एकमेकांच्या गळ्यात पडत होती. माझ्या मॉनिटरच्या कोपऱ्यात एक लाल चौकोन लुकलुकत होता. 'रेकॉर्ड अलर्ट. अप्रूव्ह?'

मी माऊसवरून हात काढून घेतला.

आमचा धंदा आधी सांगते, नाहीतर कळायचं नाही. आमची कंपनी खेळांचा डेटा विकते. मैदानावर आमचा एक माणूस बसतो आणि प्रत्येक चेंडूला काय झालं ते टिपतो. ते सिंगापूरला, वन-नॉर्थमधल्या आमच्या ऑफिसात येतं, तपासलं जातं आणि दोन-तीन सेकंदांत टीव्ही चॅनेलांकडे जातं. याला फीड म्हणतात. टीव्हीवर खाली जी आकड्यांची पट्टी दिसते, ती बहुतेक वेळा अशाच कुठल्यातरी ऑफिसातून आलेली असते. आमच्याकडे मूळ काम क्रिकेटचं. बेसबॉल त्या वर्षीच घेतलं होतं, आणि त्या डेस्कची प्रमुख मी. चिंचवडची बाई, माहेरी टीव्हीवर क्रिकेटशिवाय काही लागलं नाही, आणि बेसबॉल डेस्कची हेड. आमच्या बाबांना अजून वाटतं मी काहीतरी बँकेचं काम करते.

देश आणि लीग सांगत नाही. करारात बंदी आहे. एवढंच सांगते, की तिथल्या एका फलंदाजाने त्या हंगामात होम रनचा धडाका लावला होता. होम रन म्हणजे आपल्या सिक्सरचा चुलतभाऊ. चेंडू कुंपणाबाहेर गेला की फलंदाज चारही बेसना पाय लावून परत येतो. एका हंगामात सर्वांत जास्त होम रन कुणाचे, हा तिथला मानाचा विक्रम, आणि जुना. आमच्या गड्याने त्याची बरोबरी केली होती. डेस्कवर आम्ही त्याला पहिलवान म्हणायचो. पहिलवानाचा पुढचा होम रन म्हणजे नवा विक्रम.

त्या रविवारी दुपारी, सामन्यातल्या नऊ छोट्या डावांपैकी तिसऱ्याच डावात, त्याने तो मारला.

होम रन मी लगेच पाठवला होता, बरं का. तो फीडमध्ये गेला. मी अडवला तो फक्त विक्रमाचा अलर्ट. तो गेला की चॅनेलवर सोनेरी पट्टी येते, 'नवा विक्रम', आणि जगभर बोंब होते. तो माणसाच्या परवानगीशिवाय सुटत नाही. माणूस म्हणजे मी.

"अगं, बाकीच्यांनी सोडला सुद्धा!" प्रसादने फोन माझ्या नाकासमोर धरला. "दोन कंपन्यांनी!"

"सोडू देत. तू ते बघ." मी स्क्रीनवर बोट ठेवलं. प्रेक्षकांच्या गर्दीत, एका कोपऱ्यात, छत्र्या उघडायला लागल्या होत्या. कुंपणाच्या कडेला मैदानावरची माणसं ताडपत्रीच्या गुंडाळीजवळ येऊन उभी होती.

"मग? पाऊस आला तर आला. होम रन तर झाला ना?"

"त्यांच्याकडे पाच डाव पूर्ण व्हायच्या आत सामना रद्द झाला, तर तो सामनाच झाला नाही असं धरतात. सगळं पुसतात. होम रनसकट."

प्रसादचा विश्वास बसेना. हा डोंबिवलीचा, आमच्या सगळ्या सिस्टिमचा कर्ता, हुशार माणूस. सुट्टी असेल त्या शनिवारी इथल्या क्रिकेट लीगमध्ये ओपनिंगला जातो. "काहीतरीच काय," तो म्हणाला. "मारलेले रन पुसतात होय कुणी?"

नियमाचं पुस्तक मी वाचलं होतं, पण मनावर कोरलं गेलं ते वेगळ्याच कारणाने. माझी मुलगी शाळेत सॉफ्टबॉल खेळते. एका स्पर्धेत तिने आयुष्यातला पहिला होम रन मारला आणि थोड्या वेळाने विजेच्या इशाऱ्याचा भोंगा वाजला. सगळ्या पोरी शेडमध्ये. सामना पुढे कधीतरी पहिल्यापासून खेळवायचं ठरलं. मी आपली आनंदात, आजीला व्हिडिओ पाठवायला निघाले, तर कार्टी म्हणाली, "आई, don't send lah. It doesn't count." आणि बुकित पंजांगला आमचं घर येईपर्यंत टॅक्सीत खिडकीकडे तोंड करून रडली. असा नियम कोण विसरेल?

फोन वाजला. केल्विन. आमचा जनरल मॅनेजर, इथलाच, मनाने चांगला पण बोलणं चाबकासारखं.

"मृणाल, काय चाललंय? सगळ्यांनी पुश केलं. आपण का होल्डवर?"

"पाऊस येतोय. पाच डाव झाल्याशिवाय सामना अधिकृत होत नाही."

"आणि पाऊस नाही आला तर?"

"तर आपण तासभर उशिरा."

"तासभर!" तो जवळजवळ किंचाळला. "हान रिन्यूअलचा निर्णय या आठवड्यात घेणार आहे. तुला माहितीये ना?"

माहीत नसायला काय झालं! हान म्हणजे तिथल्या चॅनेलचा प्रोड्युसर. बेसबॉलचा आमचा सर्वांत मोठा क्लायंट, जवळजवळ एकमेव. पहिल्याच मीटिंगमध्ये त्याने अगदी नम्रपणे विचारलं होतं, "क्रिकेटवाले बेसबॉल सांभाळतील?" एका हंगामापुरतं काम दिलं होतं, बघू म्हणून. त्याने नको म्हटलं तर डेस्क बंद. डेस्क बंद म्हणजे नोकरी बंद, आणि माझ्या टीममधले बहुतेक जण एम्प्लॉयमेंट पासवर. नोकरीबरोबर पासही जातो, मग महिनाभरात गाशा गुंडाळायचा. प्रसादची बायको त्या वेळी सातव्या महिन्यात होती. हे सगळं त्या लाल चौकोनात लुकलुकत होतं आणि मला ते दिसत होतं.

"निर्णय माझा आहे ना?" मी केल्विनला विचारलं.

"तुझाच. म्हणून तर ओरडतोय," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

पाठोपाठ हानचा फोन. आवाज न चढवता माणूस किती रागावू शकतो, ते मला त्या दिवशी कळलं. "मिस मृणाल, आमच्या स्पर्धक चॅनेलवर विक्रम झळकतोय. आमच्या पडद्यावर काही नाही. सिंगापूरमध्ये सगळे झोपलेत का?"

"जागे आहोत. होम रन झालाय, विक्रम अजून व्हायचाय. तुमच्या मैदानावर ढग आलेत, मिस्टर हान. माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त स्पष्ट दिसत असतील."

तो म्हणाला, "तुम्ही चुकलात तर?"

"तर ती माझी चूक. लेखी देते."

फोन ठेवला तेव्हा तळहाताला घाम सुटला होता. त्यातून रविवार. आमच्या बिल्डिंगमध्ये रविवारी एसी हवा असेल तर आधी सांगावं लागतं, आणि सांगायला आम्ही सगळेच विसरलो होतो. दोन टेबल फॅन घरघरत होते. आमच्या खिडकीबाहेर लखलखीत ऊन आणि आमचं सगळं लक्ष हजारो मैलांवरच्या ढगांत. खरं सांगते, मला पाऊस हवा होता. तो बिचारा पहिलवान डगआऊटमध्ये बसून लहान मुलासारखा हसत होता, आणि मी इथे बसून त्याच्या डोक्यावर पाऊस मागत होते. बरं वाटत नव्हतं. पण मागत होते.

चौथ्या डावात पाऊस आला, तोही साधासुधा नव्हता. अंपायरने खेळ थांबवला आणि ताडपत्री पसरली.

मी जरा मागे टेकले आणि बघते तर प्रसादच्या चेहऱ्याचा रंग उडालेला.

"मृणाल," तो म्हणाला, "एक लोच्या आहे."

"बोल."

"अंपायरने सामना रद्द केला, की आपला मैदानावरचा माणूस 'अबँडन्ड' दाबणार. बरोबर?"

"बरोबर."

"ते दाबलं की सिस्टिम सामना संपला असं समजते. सगळे आकडे फायनल करते, आणि जे विक्रम झाले असतील ते स्वतः पाठवते. तुला विचारणारच नाही."

माझं धाबं दणाणलं. "असं का केलंय?"

"क्रिकेटच्या सिस्टिमवरूनच हे उभं केलं ना आपण." त्याने कपाळाला हात लावला. "क्रिकेटमध्ये सामना पावसात वाया गेला तरी मारलेलं शतक जमा होतं. मला कधी शंकाच आली नाही गं."

त्याला काय बोलणार? सिस्टिमची चाचणी आम्ही सात जणांनी केली होती. सातही क्रिकेट खाऊन वाढलेले. पावसाने सामना धुतला तरी खेळाडूचे रन त्याचेच, हे आमच्या अंगात इतकं भिनलेलं, की कुणी विचारलंसुद्धा नाही. त्या हंगामात तोवर सामने रद्द झाले होते ते सुरू होण्याआधीच. अर्ध्यात रद्द होणारा हा पहिलाच.

म्हणजे मी इतका वेळ दार अडवून बसले होते आणि खिडकी सताड उघडी होती.

"कोड बदल."

"लाइव्ह सामना चालू असताना? सिस्टिम बसली तर सगळंच बसेल. क्रिकेटसकट."

उपाय एकच होता. सामना मॅन्युअलवर घ्यायचा. म्हणजे मैदानाकडून येणारी आपोआपची लाइन तोडायची आणि पुढची प्रत्येक नोंद इथून हाताने टाइप करायची. त्यात धोका असा, की एक आकडा चुकला तर तो थेट टीव्हीवर दिसतो, मध्ये तपासणी नाही. शिवाय केल्विनची परवानगी लागते.

केल्विनला फोन लावला. सगळं सांगितलं. आता शिव्या बसणार म्हणून मी तयारीत होते.

"मॅन्युअलवर कोण बसणार?" त्याने विचारलं.

"मी."

"कॅन," तो म्हणाला. इथे 'कॅन' म्हणजे हो, चालेल, कर, सगळं आलं.

लाइन तोडली. मैदानावरच्या माणसाला फोनवर धरून ठेवलं. तो सांगायचा, प्रसाद मोठ्याने परत म्हणायचा, मी टाइप करायचे. सांगण्यासारखं एकच होतं, पाऊस. पंधरा मिनिटं झाली. मध्येच पाऊस उघडल्यासारखा झाला, दोन माणसं ताडपत्रीकडे गेली, तेव्हा मी खुर्ची स्क्रीनजवळ ओढली. प्रसाद मोठ्याने स्तोत्र म्हणायला लागला.

"मनातल्या मनात म्हण," मी म्हटलं, "नाहीतर मी तेच टाइप करीन."

पुन्हा धो धो. अंपायर मैदानात आले, चिखलात दोन पावलं चालून पाहिली आणि हात वर केले. सामना रद्द.

"रद्द," फोनवरचा माणूस म्हणाला.

"रद्द," प्रसाद म्हणाला.

मी 'अबँडन्ड'ला हात लावला नाही. सामन्याच्या सगळ्या नोंदी एकेक करून बाद केल्या. सगळ्यात शेवटी तो होम रन. बोट क्षणभर अडखळलं, कारण स्क्रीनवर पहिलवान पावसात टोपी काढून प्रेक्षकांपुढे वाकत होता. बाद केला. त्याचा आकडा एकने खाली आला, पुन्हा बरोबरीवर.

पुढचं हळू आवाजात सांगणाऱ्यातली मी नाही, मोठ्यानेच सांगते. स्पर्धक चॅनेलवर 'नवा विक्रम' बराच वेळ तसाच झळकत होता. एका वेबसाइटने तर पहिलवानाच्या कारकिर्दीवर लेखही टाकला. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी! मग पट्ट्या उतरल्या, माफ्या आल्या. एकाच चॅनेलला काही उतरवावं लागलं नाही. हानच्या. त्याच्या निवेदकाने पावसातही शांतपणे सांगितलं, की विक्रम अजून बरोबरीतच आहे. मी आणि प्रसादने एकमेकांना टाळी दिली ती इतकी जोरात, की मागच्या खोलीतला सिक्युरिटीवाला बघायला आला.

अभिमान वाटला. का वाटू नये? त्या दिवशी ज्यांच्या देशात बेसबॉल गल्लीबोळात खेळतात ते घसरले, आणि आम्ही डोंबिवली-चिंचवडवाले उभे राहिलो.

प्रसादने त्याच आठवड्यात सिस्टिममध्ये 'नो गेम' हा वेगळा प्रकार घातला. रिन्यूअलबद्दल मात्र हान काही बोलला नाही. आम्ही रोज मेल बघत होतो.

पुढच्या शनिवारी पहिलवानाने पुन्हा मारला. दुसऱ्याच डावात. आकाश निळंशार, ढगाचा ठिपका नाही. लाल चौकोन लुकलुकायला लागला. बाकी कंपन्यांनी लगेच सोडला. या वेळी त्यांच्या बाजूने ऊन होतं.

प्रसाद माझ्याकडे बघत होता.

नियम म्हणजे नियम. ऊन आहे म्हणून पाच डावांचे दोन होत नाहीत. मी हात काढून घेतला, आणि फोन वाजला. हान.

मी म्हटलं, आता संपलं.

"मिस मृणाल," तो म्हणाला, "आकाश स्वच्छ आहे. मी स्वतः बाहेर जाऊन बघून आलो."

"हो, दिसतंय."

"निवेदकाला सांगितलंय, सिंगापूरचा निरोप येईपर्यंत विक्रम हा शब्द उच्चारायचा नाही. तुम्ही सांगाल तेव्हा."

"पाचवा डाव संपू दे," एवढंच म्हटलं.

"ओके. मी फोनवरच थांबतो."

आणि तो थांबला. तीन डाव. मध्ये मध्ये त्याच्या चहाच्या कपाचा आवाज येत होता. पाचवा डाव संपला, मी अप्रूव्ह केलं, आणि पलीकडून त्यांच्या स्टुडिओतल्या टाळ्या मला फोनवर ऐकू आल्या. रिन्यूअलच्या होकाराचा मेल सोमवारी आला, पण त्या टाळ्यांनंतर कुणी इनबॉक्स उघडून बघत नव्हतं.

नवीन आलेल्यांना मी एकच सांगते. आमच्या धंद्यात लवकर पाठवणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांच्यासाठी फोनवर कुणी थांबत नाही.