मोराचा पिसारा उघडेपर्यंत

सांगायला लाज वाटते. पण चहा सांगून झालाय, आणि तो येईपर्यंत तुम्ही मला सोडणार नाही, तेव्हा ऐकाच. मी केला तसला गाढवपणा अख्ख्या नंदुरबार जिल्ह्यात कोणी केला नसेल. केला असेल, तर त्याचं लग्न मोडलं असेल. माझं मोडता मोडता राहिलं, एवढाच काय तो फरक!

तळोद्याला माझं लग्नपत्रिकांचं दुकान आहे. डिझाईन मी करतो, मागच्या खोलीत छपाईचं मशीन सलीमभाई चालवतो. आम्ही दोघं भागीदार. आता लग्नपत्रिका म्हणजे असतं तरी काय? वर गणपती, बाजूने वेलबुट्टी, मध्ये दोन नावं आणि खाली नातेवाइकांची फौज. दरवर्षी तेच. नावं तेवढी बदलतात. मग दरवर्षी नव्याने कशाला करत बसायचं?

म्हणून आमच्या धंद्यात एक पद्धत आहे. बाहेर बोलू नका हं! गेल्या सीझनची फाईल उघडायची. जुनं नाव खोडायच्या भानगडीत पडायचं नाही, कारण ते वेलबुट्टीत असं अडकवलेलं असतं की सोडवायला गेलं तर अर्धा गणपती हातात येतो. सरळ जुन्या नावावर एक पांढरी पट्टी टाकायची आणि पट्टीवर नवीन नाव लिहायचं. कागदावर छापलं की कोणाच्या बापाला कळत नाही. गिऱ्हाइकाला मात्र छातीठोकपणे सांगायचं, "काका, खास तुमच्यासाठी नवीन डिझाईन केलंय!"

असं सगळं सुरळीत चालू असताना माझं लग्न ठरलं.

ठरलं म्हणजे, मारून मुटकून ठरलं. आमच्याकडे मुलीच्या बापाचा पहिला प्रश्न, "पोरगा नोकरीले कोठे शे?" माझं उत्तर ऐकलं की चहा येतो, पोहे येत नाहीत. अशा कितीतरी घरी मी नुसता चहा पिऊन आलोय. शेवटी धानोऱ्याच्या वैशालीने एका नोकरीवाल्याला नाही म्हटलं आणि मला हो म्हटलं. का म्हटलं, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. मला ती फार आवडली होती हो! उगाच विचारलं, आणि ती विचार करायला लागली तर?

तिचे वडील आत्मारामअण्णा मिरची-कापसाचे मोठे शेतकरी. ते मनातून नाराजच होते. "पोरनी जिद शे म्हनीसन," एवढंच बोलून त्यांनी होकार दिलेला. म्हणजे लग्न ठरलं होतं, पण अण्णांना मोडायला एक कारण मिळालं असतं तरी पुरलं असतं.

आणि ते कारण मी स्वतः लॅपटॉपच्या पिशवीत घालून त्यांच्या घरी घेऊन गेलो!

झालं असं. अण्णांनी निरोप पाठवला, "पत्रिका छापाना पहिले आमले दखाड. सगळास्नं नाव बराबर पाहिजे." बरोबरच आहे. एखाद्या काकाचं नाव राहिलं तर तो काका लग्नात जेवत नाही, आणि जेवला नाही हे मरेपर्यंत सांगत फिरतो. साधा माणूस एक प्रत कागदावर काढून घेऊन गेला असता. पण मला सासरी भाव खायचा होता ना! म्हटलं, आपण त्यांच्या मोठ्या टीव्हीवर पत्रिका दाखवू. सगळे बघतच राहतील.

बघत राहिलेही. त्याबद्दल तक्रार नाही.

दुकानातला कॉम्प्युटर काही उचलून नेता येत नाही. म्हणून सलीमभाईच्या ओळखीने एक जुनापुराणा लॅपटॉप घेतला. पण त्यावर पत्रिका उघडायची कशी? आमची फाईल म्हणजे फोटो नसतो. पान कसं काढायचं हे सांगणारी एक भाषा असते, पोस्टस्क्रिप्ट म्हणतात तिला. तिच्यात हुकूम लिहिलेले असतात: इथे गणपती काढ, इथे हे नाव लिही, इथे पांढरा रंग फास. ते हुकूम वाचून पान दाखवणारा प्रोग्राम लागतो. विकतचे महाग. पण एक चक्क फुकट मिळतो! इंटरनेटवरून उतरवा, वापरा, मित्रांना वाटा, कोणी काही म्हणत नाही. जगभरच्या माणसांनी हौसेने बनवलाय म्हणे. फुकट आणि वर कायदेशीर, असा योग आमच्या धंद्यात कुठे येतो? मी लगेच घेतला.

तपासून पाहिला का? पाहिला तर! पत्रिका उघडायला लावली आणि समोर चहा प्यायला गेलो. परत येऊन बघतो तर पान कसं सुंदर, पूर्ण उघडलेलं. म्हटलं, झालं काम.

आता ती पत्रिका कशी केली होती? माझा मित्र संजय, त्याच्या लग्नाची फाईल घेतली. हो, स्वतःच्या लग्नालाही जुनीच! सवय लागली की लागली. संजयच्या नावावर पांढरी पट्टी टाकून आधी माझं नाव लिहिलं. माणूस आधी स्वतःचंच बघतो. मग आठवलं, वैशालीला मोर आवडतो. तिच्यासाठी म्हणून एक मोर टाकला, झकास, पिसारा फुलवलेला, एकेक पीस वेगळं काढलेलं. आणि सगळ्यात शेवटी संजयच्या बायकोच्या नावावर पट्टी टाकून वैशालीचं नाव लिहिलं. आधी मी, मग मोर, मग वैशाली. हा क्रम मी विसरून गेलो. त्या फुकटच्या प्रोग्रामने लक्षात ठेवला.

रविवारी सलीमभाईला बरोबर घेऊन धानोऱ्याला गेलो. बैठकीत अण्णा, त्यांच्या शेजारी वैशालीची आत्या, आमच्याकडे फुई म्हणतात. फुईंना वकिलीचं शिक्षण मिळालं नाही, ही जिल्ह्यातल्या गुन्हेगारांवर मोठी मेहेरबानी आहे. खुर्चीवर थोरले जावई विलासराव, कळसाडीचे. पलीकडे त्यांची बायको, म्हणजे वैशालीची थोरली बहीण माधुरीताई. आणि विलासरावांच्या डोक्यावर भिंतीवर काय? त्यांची स्वतःची लग्नपत्रिका, लॅमिनेशन करून लावलेली! आमच्याच दुकानातली. येईल त्याला ते दाखवायचे, "खास डिझाईन शे. आख्खा खान्देशमां दुसरी नही."

वैशाली स्वयंपाकघराच्या दारात उभी. मी वायर जोडली. बटण दाबलं.

पडद्यावर गणपती आला. फुईंनी हात जोडले.

मग वेलबुट्टी आली. सावकाश. पान पान करत. तो लॅपटॉप म्हातारा, आणि प्रोग्राम इमानी. एकेक हुकूम वाचायचा, पाळायचा, मग पुढचा.

मग नाव आलं. चि. संजय. खाली, चि. सौ. कां. कल्पना.

"संजय कोण शे?" अण्णा.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात संजयवर पांढरं फासलं गेलं आणि तिथे आलं, चि. योगेश. म्हणजे मी. माझा जीव भांड्यात पडला.

आणि मग मोर सुरू झाला!

आधी चोच. मग मान. मग एक पीस. मग दुसरं पीस. तुम्हाला सांगतो, मोराला इतकी पिसं असतात हे मला त्या दिवशी कळलं. एवढ्या मोठ्या टीव्हीवर, ठसठशीत अक्षरांत, 'चि. योगेश आणि चि. सौ. कां. कल्पना', आणि बाजूला मोर आमच्या लग्नाच्या आनंदात हळूहळू पिसारा फुलवतोय.

शेवटचं पीस आलं. कल्पनावर पांढरं फासलं. वैशालीचं नाव उमटलं.

"आते हाई कल्पना कोठे गयी?" फुईंनी विचारलं.

"कुठे नाही फुई, ती... ते मशीनचं आहे. थांबा, मोठं करून दाखवतो."

इथे माझी अक्कल पाहा. मोठं करायचं बटण दाबलं की तो प्रोग्राम काय करतो? सगळं पान पहिल्यापासून पुन्हा काढतो! पुन्हा गणपती. पुन्हा संजय. पुन्हा मी. पुन्हा कल्पना, या वेळी दुप्पट मोठी. आणि मोर? तोही दुप्पट. मी बंद करायला गेलो तर लॅपटॉप ऐकेना. आधी मोर पुरा करणार, मग बाकीचं.

अण्णांचा चेहरा लाल झाला. "म्हंजे पहिले हाई पोर ठरेल व्हती? पत्रिका बी व्हयेल व्हती?"

"नाही हो अण्णा!"

आता सलीमभाईला राहवेना. भागीदार ना माझा! तो उठला आणि मनापासून म्हणाला, "अण्णा, तुम्ही गलत समजले. कल्पनाभाभीले मी चांगलं वळखतो. लई अच्छी बाई. दोन पोरं बी शेतस तिले!"

फुईंनी कपाळावर हात मारला. विलासराव म्हणाले, "दोन पोरं!" अण्णा उभे राहिले. मी दाराकडे पाहिलं. वैशाली माझ्याकडेच पाहत होती. मला वाटलं, गेलं. चहाही गेला, पोहेही गेले.

"संजयची बायको आहे ती!" मी ओरडलो. "माझ्या मित्राची! त्याचीच पत्रिका आहे. आम्ही जुन्या नावावर पांढरी पट्टी मारतो आणि वर नवीन नाव लिहितो!"

"सोतानी पत्रिकाले?" फुई. "आसं कोणी करस का?"

"फुई, मी सगळ्यांच्याच पत्रिकेला करतो!"

बोलून गेलो. धंद्याचं गुपित एका वाक्यात गेलं. पण लग्न वाचवायचं की धंदा? आणि तरी कोणाचा विश्वास बसेना. पुरावा पाहिजे. म्हटलं, पुरावा काय, हा आत्ता दाखवतो! लॅपटॉपवर दुकानातल्या सगळ्या फायली भरलेल्या होत्या. मी या घरातलीच एक शोधली. भिंतीवर होती तीच.

सलीमभाईने माझा हात धरला. "योगेशभाऊ, ये मत कर." तोवर मी केलं होतं.

गणपती आला. मग चि. किशोर आणि चि. सौ. कां. सुनंदा. मग सुनंदावर पांढरं फासलं आणि तिथे माधुरीताईंचं नाव आलं. मग वेलबुट्टी, पान पान करत. आणि तेवढा सगळा वेळ टीव्हीवर काय? चि. किशोर आणि चि. सौ. कां. माधुरी!

आता हा किशोर कोण? कळसाडीचाच. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत विलासरावांना ज्याने पाडलं, तो.

विलासरावांनी एकदा टीव्हीकडे पाहिलं, एकदा भिंतीवरच्या लॅमिनेशनकडे. "मन्ही पत्रिकामां... किशोऱ्या?"

"खाली आहे जिजाजी," मी समजावलं, "वरून दिसत नाही."

"इतला वरीस मन्हा खाले बठेल शे तो?"

पहिल्यांदा माधुरीताईंना हसू फुटलं. तोंडावर पदर घेतला तरी ते थांबेना. मग दारातून वैशालीचं हसू ऐकू आलं. मग फुई. शेवटी अण्णा खाली बसले, डोळे पुसले आणि निकाल दिला, "पोरगा लबाड शे. पण खरं बोलस."

आयुष्यात माझं इतकं कौतुक कोणी केलेलं नाही.

लग्न टिकलं. पण फुईंनी अटी घातल्या. पत्रिका कोऱ्या पानावर पहिल्यापासून करायची. झाली की याच टीव्हीवर दाखवायची. आणि त्याआधी विलासरावांची पत्रिका नव्याने करून द्यायची, कारण जावई रुसलेले. आता सांगा, दोन पोरांच्या बापाची लग्नपत्रिका, तीही जुन्या तारखेची, मी रात्रंदिवस खपून कोऱ्या पानावर केली! हत्ती मागितला, हत्ती दिला. किशोऱ्याचा अंशही ठेवला नाही. त्यांनी ती लॅमिनेशन करून जुनीच्या जागी लावली.

या सगळ्यात माझ्या लग्नाची तारीख आली तोंडावर. पाहुण्यांना पत्रिका वाटायच्या कधी? कोरं पान समोर घेऊन बसलो, पण हात चालेना. आणि बाजूलाच ती विलासरावांची फाईल, नवी कोरी, सुंदर...

हसू नका. घाईत होतो.

या वेळी मात्र शहाणा झालो होतो. धानोऱ्याला टीव्हीवर दाखवायला फाईल नेली नाही, तिचा फोटो करून नेला. फोटोला काय, एका झटक्यात उघडतो, आतलं काही सांगत नाही. सगळे खूश. फुई म्हणाल्या, "आते कसं नवं दिखस!" थाटात लग्न लागलं.

लग्नानंतर वैशाली दुकानात येऊन बसायला लागली. एका दुपारी तो म्हातारा लॅपटॉप तिच्या हाती लागला. म्हणाली, "आपली पत्रिका बघते हं." मी मशीनपाशी होतो. धावत येईपर्यंत गणपती होऊन गेला होता, माझं नाव येऊन गेलं होतं आणि तिच्यासाठी पुन्हा टाकलेला मोर सुरू झाला होता. पडद्यावर, चि. योगेश आणि चि. सौ. कां. माधुरी. म्हणजे तिची सख्खी मोठी बहीण.

पिसारा पुरा उघडेपर्यंत आम्ही दोघं एकेक पीस बघत राहिलो.

ती रागावली नाही. जिजाजींनाही अजून सांगितलेलं नाही, आणि सांगू शकते हे रोज मला कळेल याची काळजी घेते. फक्त आता मी घरी उशिरा पोचलो आणि कारण सांगायला लागलो की ती हातातलं काम खाली ठेवते, समोर बसते आणि म्हणते, "सावकाश सांगा. पांढरं फासायच्या आधी काय होतं, ते दिसू द्या."