त्रैक्याच्या प्रश्नापुरती सूट मिळणेबाबत

नव्वदच्या दशकात नाशिकच्या न्यायालयाबाहेर माझे टेबल आणि टंकलेखन यंत्र असे. माझे शालेय शिक्षण नववीपर्यंतचे. पुढील सर्व शिक्षण त्या फुटपाथवरच झाले, आणि सांगण्यास संकोच वाटत नाही की, अनेक पदवीधरांचे अर्ज मीच लिहून दिले. लोक मला वकीलसाहेब म्हणत. त्यांची ही समजूत मोडण्याची आवश्यकता मला कधी भासली नाही.

एके दिवशी पिंपळगावकडचा एक तरुण टेम्पोचालक माझ्यासमोर येऊन बसला.

"वकीलसाहेब, एक सूट मिळवून द्या."

"कशातून?"

"देवातून."

हकीकत अशी की, भाजीपाल्याची शेती करणाऱ्या हिंदू घरातील हा मुलगा आणि एक ख्रिस्ती परिचारिका यांचा विवाह ठरला होता. ख्रिस्ती होण्याचा निर्णय त्याने स्वतः, मनापासून घेतला होता. मात्र बाप्तिस्म्यापूर्वी चर्चचे पाळकसाहेब तोंडी परीक्षा घेत. दहा आज्ञा त्याला पाठ होत्या, प्रभूची प्रार्थना पाठ होती. परंतु पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असा देव एक असून तीन कसा, या त्रैक्याच्या प्रश्नावर तो दोन वेळा अडला होता. मुलीचे वडील नाशिक रोडच्या सरकारी प्रेसमधून निवृत्त झालेले, शिस्तीचे गृहस्थ. त्यांनी बजावले होते की, येत्या शनिवारी पुन्हा अडलास तर लग्न विसर.

"पहिल्यांदा म्हणलो, तीन देव. पाळकसाहेब म्हणले, चूक. मग म्हणलो, एकच. म्हणले, अर्धंच सांगितलंस. आता काय मधलं दोन सांगू?"

मी तत्काळ कागद चढवला. 'मे. पाळकसाहेब यांचे सेवेशी. अर्जदार यांचा विनंतीअर्ज ऐसा की, अर्जदार हा उर्वरित सर्व प्रश्नांत तयार असून, त्रैक्याचे एका प्रश्नापुरती त्यास सूट मिळावी.' खाली अर्जदाराची सही घेतली, वर कोर्ट फी तिकीट चिकटवले, आणि प्रकरण अवघड असल्याने शनिवारी स्वतः सोबत गेलो.

पाळकसाहेबांच्या बैठकीत मुलीचे वडील आधीच येऊन बसले होते. पाळकसाहेबांनी अर्ज दोनदा वाचला.

"हे तिकीट कशाला?"

"तिकिटाशिवाय अर्ज दाखल होत नाही," मी कायदा सांगितला.

"अशी सूट देणारा मी कोण?"

"मग आपले वरिष्ठ कोण?"

"ज्यांच्याविषयी प्रश्न आहे, तेच."

"एकटे की तिघे?" अर्जाच्या मायन्यासाठी हे माहीत असणे आवश्यक होते.

पाळकसाहेबांनी चष्मा काढून ठेवला. त्यांना विषय समजावून द्यावा लागणार, हे मी ओळखले. "साहेब, हे अगदी सातबाऱ्यासारखे आहे. गट नंबर एक, सहहिस्सेदार तीन."

"प्रत्येकाचा हिस्सा किती?"

"एक तृतीयांश."

"इथे प्रत्येक जण पूर्ण देव आहे. हिस्से नाहीत."

"अख्खा गट तिघांच्याही नावे? तलाठी अशी नोंद घेणार नाही!" मी म्हणालो. "बरे, मग असे धरा. माणूस एकच. मुलाचा बाप तोच, बापाचा मुलगा तोच, आणि कचेरीत अर्जदारही तोच."

"मग पुत्राने पित्याची प्रार्थना केली, ती स्वतःचीच केली का?"

"तर मग पिता मूळ मालक, आणि बाकीचे दोघे त्याने नेमलेले मुखत्यार."

"मुखत्यार मालकापेक्षा कमी असतो. आणि नेमण्यापूर्वी तो मुखत्यार नसतोच. पुत्र तर अनादी आहे."

मुलीचे वडील खुर्चीत पुढे सरकले. "अहो पाळकसाहेब, परीक्षा कुणाची चाललीये? मला मुलगी यांना नाही द्यायची!"

पाळकसाहेब हसू आवरत मुलाकडे वळले. "ऐकलंस ना सगळं? आता तू सांग."

मुलाच्या कपाळावर घाम होता. त्याने एकदा होणाऱ्या सासऱ्यांकडे पाहिले. "हिस्से नाय. एकानंच घेतलेली तीन सोंगं नाय. मुखत्यार तर नायच नाय. बाप येगळा, पुत्र येगळा, आत्मा येगळा. तिघंबी पुरते देव, तरी देव एकच." मग तो पाळकसाहेबांकडे वळला. "पर हे कसं, ते मला नाय कळत, पाळकसाहेब. खोटं कशाला बोलू?"

मी दुरुस्तीचा अर्ज देण्याच्या विचारात होतो.

"कसं, ते मलाही कळत नाही," पाळकसाहेब म्हणाले. "कळलं म्हणाला असतास, तर तिसऱ्यांदा परत पाठवलं असतं. रविवारी बाप्तिस्म्याला ये."

"अहो, मग आधीच सांगायचं ना!" मुलीचे वडील म्हणाले. "दोन महिने घरात रडारड चालू आहे!"

अर्ज नामंजूर झाला आणि अर्जदाराचे काम झाले. अर्ज मंजूर होऊनही काम न झाल्याची उदाहरणे माझ्या अनुभवात पुष्कळ आहेत. उलट प्रकार हा एवढाच.

लग्नाचे निमंत्रण मला सन्मानाने आले. पंगतीत मुलीचे वडील स्वतः वाढत माझ्यापर्यंत आले आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "घ्या साहेब, अजून घ्या. तुम्ही तीनदा नापास झालात, म्हणून आमचा जावई पास झाला!"

आमच्या व्यवसायात पक्षकाराचे आभार ज्या शब्दांत येतील, त्या शब्दांत स्वीकारावे लागतात. मी आणखी दोन जिलब्या घेतल्या.